सासूबाईंचं विरजण

बहात्तरच्या दुष्काळात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी दूध यायचं बंद झालं, तेव्हा सासूबाईंना एकच घोर लागला. विरजण मोडणार! त्या अक्कलकोटकडच्या. सासरी येताना आईनं दह्याची लोटी दिली होती, तेच विरजण त्यांनी रोज दुधाला लावून जपलं होतं. माहेरचं माणूस एकही उरलं नव्हतं. उरली होती ती त्या दह्याची चव.

आमचे हे कॉलेजात जंतुशास्त्र शिकवायचे, आणि घरी आंबलेल्या पिठावरसुद्धा व्याख्यान झोडायचे. ते आईला म्हणाले, "अव्वा, काळजी सोड. तुझं विरजण मी प्रयोगशाळेत सांभाळतो."

तेवढ्यात शेजारची बसव्वा वाटी घेऊन आली. तिच्याकडं शेळी होती. "चमचाभर मला बी द्या की. शेळीच्या दुधाला लावते."

आमच्या गल्लीत विरजणाला कुणी नाही म्हणत नसे. सासूबाई उठल्याही, पण ह्यांनी आडवा हात घातला. "नको. दुसरे जंतू मिसळतील. हे शुद्ध राहायला पाहिजे." बसव्वा रिकामी वाटी घेऊन गेली. मला तेव्हाच संताप आला होता.

कॉलेजात जंतूंना घालायला दूध नव्हतंच. तयार खाद्य मिळायचं ते मांसाच्या अर्काचं, आणि लिंगायताच्या घरचं दही त्यात कसं वाढवणार? ह्यांनी डाळीचं पाणी गाळून त्यात ग्लुकोज घातलं आणि दर आठवड्याला नव्या नळीत विरजण पुढं नेलं. घरी आले की वसतिगृहातल्या मुलाची खुशाली सांगावी तसं सांगायचे, "जंतू मजेत आहेत."

"जेवत्यात न्हवं पोटभर?" सासूबाई विचारायच्या, आणि समाधानानं भाकरी थापायला बसायच्या.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, दूध आलं. सासूबाईंनी पातेलं घासूनपुसून पुढं केलं. ह्यांनी नळीतलं विरजण घातलं. सकाळी बघतो तर दूध जसंच्या तसं!

"घाबरू नका," हे हसले. "दुधातली साखर पचवायची कृती त्यांच्या अंगात असते. पण आयतं ग्लुकोज मिळतंय म्हटल्यावर ती चूल कशाला पेटवतील? आता दूध दिसलंय, पेटवतील."

दुसऱ्या दिवशीही दही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी नुसता घाण वास. ह्यांचा चेहरा उतरला. कॉलेजात तपासण्या केल्या, पुस्तकं धुंडाळली, आणि एका संध्याकाळी येऊन चपला न काढताच उंबऱ्यावर बसले.

"चूल विझवली नव्हती, अव्वा. चूलच टाकून दिली त्यांनी. ती कृती त्यांच्या अंगात एका वेगळ्या, सुट्या धाग्याच्या कडीवर लिहिलेली असते. लागत नसली की पोराबाळांतून गळून जाते. ज्यांची गळली ते हलके होतात, भराभर वाढतात. आणि मी दर आठवड्याला त्यांनाच पुढं नेत बसलो."

सासूबाईंना सगळं कळलं नसावं. "मग बसव्वाकडं दिलं असतं तर..." एवढं बोलून त्या पातेलं घासायला उठल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अर्ध्या वाक्यानं हे पार खचले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःच वाटी घेऊन बसव्वाकडं गेल्या. तिनं मागचं काही न काढता वाटी भरून दही दिलं. तिनं ते भवानी पेठेतल्या बहिणीकडून आणलं होतं. दही घट्ट लागायचं, गोडही होतं. पण जेवताना हे आईच्या तोंडाकडं बघत राहायचे. मला फार वाईट वाटायचं, आणि रागही पुरता गेला नव्हता.

एका दुपारी न राहवून त्यांनी विचारलंच, "अव्वा, तुझ्या दह्यासारखं थोडंतरी लागतं का गं?"

सासूबाईंनी घास तोंडात धरला, डोळे मिटले, बराच वेळ आठवत राहिल्या.

"खरं सांगू, लेका? ती चव कसली होती, तेच आता मला ध्यानात येईना."

ह्यांना उठताही येईना. हात भातात तसाच ठेवून ते रडायला लागले.