बिनपाहुण्यांचं बेट

आमचं घर पांढुर्णा स्टेशनापासून तीन मिनिटांवर आहे. सासऱ्यांनी ते बांधलं तेव्हा त्यांना ही मोठी सोय वाटली असेल. कोणाची सोय, हे मात्र त्यांनी सासूबाईंना विचारलं नसावं. नागपूरहून आलेला, सौसरची बस चुकलेला, लग्नाला निघालेला, लग्नाहून परतलेला, जो कोणी आमचं आडनाव लावत होता तो आमच्याकडे उतरायचा. "गाडीले दोन घंटे टाइम हाये, म्हटलं भेटून जाव," म्हणत टेकलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठायचा.

उन्हाळ्याचं तर विचारूच नका. शाळा सुटल्या की पोराबाळांसकट लोंढा यायचा. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, आत चूल, आणि मी पंधरा-सोळा जणांच्या भाकरी थापत बसलेली. लग्न झाल्यापासूनची तेरा वर्षं अशीच गेली. माहेरी जावं म्हटलं तर माहेरचेच इकडे यायचे. बरं, माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर भांडून मोकळी झाले असते. सगळी गोड बोलणारी, पोटभर जेवणारी आणि जाताना "शकुच्या हातची भाकर म्हंजे भाकर" असं सर्टिफिकेट देणारी. त्या सर्टिफिकेटाचा मला वीट आला होता.

शहाऐंशी साली आमच्या ह्यांना, म्हणजे मधुकरना, एलटीसी लागली. हे पोस्टात सॉर्टिंगला होते. चार वर्षांतून एकदा सरकार आपल्या नोकराला बायकापोरांसकट देशात कुठंही फिरवून आणतं. ह्यांच्या हपिसातले सगळे कुठल्या तरी थंड डोंगरावर जाऊन स्वेटरमध्ये फोटो काढून येत. मी पुष्पाचं, आमच्या नऊ वर्षांच्या लेकीचं, शाळेचं नकाशाचं पुस्तक घेतलं आणि अगदी शेवटच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"अंदमान?" हे म्हणाले. "तिथं काय हाये?"

"चारी बाजूनं पाणी हाये."

बस, मला तेवढंच पुरे होतं. तिथं गाडी थांबत नाही, बस चुकत नाही. सायकलवर टांग टाकून कोणी "म्हटलं भेटून जाव" म्हणत येऊ शकत नाही. मला पंधरा दिवस अशा जागी राहायचं होतं, जिथं मी चूल पेटवणार नाही आणि दारात चप्पल वाजली तरी परातीत आणखी पीठ घेणार नाही. मी ह्यांना पुष्पाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की ही गोष्ट बोरगावच्या भासऱ्यांना, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाला, तर सोडाच, भिंतीलाही कळता कामा नये.

ह्यांनी शपथ पाळली. अगदी अक्षरशः पाळली. एक शब्द कोणाशी बोलले नाहीत. पण पोस्टातला माणूस तो पोस्टातलाच. पोर्ट ब्लेअरच्या पोस्टातल्या एका बाबूला ह्यांनी पत्र टाकलं, की आम्हाला मे महिन्यात राहायला एखादी बरी जागा बघा. ते पत्र लिफाफ्यात घालायचं सोडून टाकलं जवाबी कार्डावर. म्हणजे एका कार्डाला दुसरं कोरं कार्ड जोडलेलं, त्यावर समोरच्यानं उत्तर लिहायचं. उघडं, जगाला वाचता येईल असं. बरं, उत्तर आलं ते सॉर्टिंगला ह्यांच्याच हातात आलं. दुसरा कोणी असता तर खिशात घालून घरी आला असता. हे म्हणाले, पत्ता घरचा आहे, तर टपाल बीटवरच, म्हणजे पोस्टमनच्या फेरीतच, गेलं पाहिजे. ह्यांनी कार्ड स्वतःच्या हातानं कवडूच्या गठ्ठ्यात ठेवलं.

कवडू आमचा पोस्टमन. निम्म्या बीटला वाचता येत नव्हतं, म्हणून तो वर्षानुवर्षं दारात उभा राहून लोकांना त्यांची कार्डं वाचून दाखवायचा. देवमाणूस होता, पण सवय अशी जडली होती की हातात कार्ड आलं की ते खणखणीत आवाजात वाचलंच पाहिजे, मग ते कोणाचं का असेना. आमचं घर त्याच्या बीटच्या शेवटी. आमचं कार्ड बाजार चौकापासून वाचलं जात जात आमच्यापर्यंत पोहोचलं. त्याच्याआधी चार बाया येऊन मला विचारून गेल्या होत्या, की समुद्रात अंघोळ नऊवारीनं करणार का पाचवारीनं.

"बाई, बंगला भेटला!" कवडू फाटकातूनच ओरडला. "समुद्राच्या तोंडावर हाये. दोन खोल्या, चार खाटा, नारळाची झाडं. अन् सैपाकी बी हाये बरं, दोन्ही टाइमचा! आठ दिवसांत नावं पाठवा म्हून लिवलं हाये."

"कवडूभाऊ, कार्ड कोनाचं हाये?"

"तुमचं हाये न बाई, म्हून तं आनून देऊन राह्यलो," असं म्हणून तो पाणी पिऊन गेला.

पण सांगते, रागातही माझ्या मनात एकच शब्द वाजत होता: सैपाकी. दोन्ही टाइमचा. मी ते कार्ड डाळीच्या डब्यात लपवलं आणि दिवसातून दोनदा काढून वाचलं.

चारच दिवसांनी चौदा एप्रिल आला. जयंतीला आमच्याकडे माणसं येतात, ती यायलाच पाहिजेत, त्याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. पण त्या वर्षी मिरवणूक झाली, जेवणं झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी उठायचं नाव घेईना. बोरगावहून भासरे मोतीरामदादा आणि जाऊ लीलाबाई. सौसरहून ह्यांचा आतेभाऊ उत्तम, बायको आणि तीन पोरांसकट. कार्डाची बातमी त्यांच्यापर्यंतही पोहोचली होती, आणि सगळे ओसरीवर बसून अंदमानला निघाले होते.

मी आत भाकरी थापत होते आणि दारातून सगळं ऐकू येत होतं.

"चार खाटा म्हंजे बायाईले खाटा, मानसं वरांड्यात झोपतीन," मोतीरामदादांनी व्यवस्था लावली.

"समुद्राचं पानी खारं राह्यते म्हनते. दोन मडके घेऊन घेऊ," उत्तम म्हणाला.

"कुरडया घ्या, पापड घ्या. तिखट मी कुटून आनतो," लीलाबाई म्हणाली.

"अन् भाकरीचं पीठ?"

"दोन पायल्या ज्वारी दळून घेऊ. तिथं कुठं भेटन!"

आणि हे? हे माझे शपथ पाळणारे! प्रत्येक वाक्याला "हो न, चाला न, तुमी आले तं मज्जाच हाये" म्हणत होते. त्यांच्या तोंडून "नाही" निघालेलं मी कधी ऐकलंच नाही, माझ्याशी बोलतानाचं सोडून.

तोपर्यंतही माझ्या भाकरी चालूच होत्या. मग लीलाबाई म्हणाली, "पन तो सैपाकी मच्छी-भाताचा. आपल्याले पंधरा दिवस तसं खानं जमन का? त्याले सुट्टी देऊन टाकू. शकु हाये न आपली. शकुच्या हातची भाकर म्हंजे भाकर."

"हे बराबर बोलली," दादा म्हणाले.

माझ्या हातात पिठाचा गोळा होता. तो परातीत आपटला आणि मी पिठाळ हातांनी ओसरीवर गेले. तेरा वर्षांत मी भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता आणि त्यांच्याशी धड एक वाक्य बोलले नव्हते. आमच्यात बोलतच नाहीत. पदर सावरायला हातच रिकामे नव्हते, तो पडला.

"दादा," मी म्हणाले, "मले समुद्र नाई पाह्यचा. बंगला बी नाई पायजे. त्या सैपाक्यासाठीच तं मी एवढ्या दूर जाऊन राह्यली, अन् तुमी त्यालेच सुट्टी देऊन राह्यले! मले पंधरा दिवस चुलीपुढं बसायचं नाई. पंधराच दिवस. बाकीचे साडेतीनशे तुमचेच हायेत."

आणि मला रडू आलं. रडायचं नव्हतं, पण आलं.

ह्यांनी मान खाली घातली. आता दादा तडक उठून बोरगावची वाट धरतील आणि जन्मभर आमच्या घरचं पाणी पिणार नाहीत, असं मला वाटलं. दादांनी आपलं फडकं झटकलं, गळ्यात टाकलं, आणि म्हणाले, "अवं बाई, जायचं कोनाले होतं? मे मधात मी वावर सोडून जातो का? बसून बसून बोलून राह्यलो होतो. समुद्राचं बोललं तं जरासं गार वाटते."

"माह्यी तं रजाच नाई," उत्तम म्हणाला. त्याच्या पोरांनी मात्र भोकाड पसरलं, कारण पोरं खरोखरच निघाली होती.

"पयलेच सांगाचं न मंग," लीलाबाई नवऱ्यावर उलटली. "मी तं मिरच्या बी मोजून ठेवल्या होत्या! अन् तिले भेटला तसा सैपाकी मले कधी दाखोसान तुमी?" दादांनी तंबाखूची डबी शोधायला सुरुवात केली. सगळे हसले. मीही हसले, नाक ओढत. मग मला वाईट वाटलं, आणि तरीही मी माझा एक शब्द मागे घेतला नाही.

हे कागद-पेन घेऊन बसले आणि नावं लिहू लागले. मधुकर, शकुंतला, पुष्पा. तीन झाली.

"चौथी खाट खाली राह्यते," हे म्हणाले. सासूबाईंचं नाव एलटीसीत चालत होतं, पण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मी राह्यतो घरी. पाहुने आले तं?" आणि खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं होतं. सासूविना पंधरा दिवस कोणाला नको असतात?

तेवढ्यात आतून थाप्-थाप् असा आवाज आला. मी परात टाकून आले होते ना, तर शांताबाई, माझ्या सासूबाई, ओसरीच्या कोपऱ्यातून उठून केव्हाच चुलीपुढं जाऊन बसल्या होत्या. बासष्ट वर्षांची बाई, घामानं भिजलेली, माझ्या उरलेल्या भाकरी थापत होती. मी तेरा वर्षांत रडकुंडीला आले होते. त्यांची तर मी येण्याआधीच तीस वर्षं झाली होती, त्याच चुलीपुढं, आणि त्यांना कोणी कधी नकाशा दाखवला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

मी ह्यांच्या हातातलं कागद-पेन घेऊन आत गेले आणि परातीशेजारी ठेवलं.

"आई, चौथं नाव तुमचं लिहून राह्यली."

"माह्यं कायले? मी येऊन तिथं काय करू?"

"काई नाई."

"तसं कसं? भाजी निवडीन, भांडे तं घाशीन..."

"काई नाई, आई. भाजी तो निवडन, भांडे तोच घाशीन. तुमी निस्तं बसा."

"अन् चहा?"

"चहा बी तोच करन. तुमाले तोच हातात आनून देईन."

त्या थांबल्या. हात परातीवर तसेच राहिले. बसल्या बसल्या कोणी चहा आणून देतो आहे, हे त्या मनात कुठंतरी मांडून बघत होत्या, आणि ते त्यांना नीट मांडता येत नव्हतं. तव्यावरची भाकर करपायला लागली. मी उलथन्याला हात घातला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"करपू दे," त्या म्हणाल्या.

बाहेर स्टेशनावर गाडीची शिट्टी झाली. सासूबाईंनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घाईघाईनं कागद माझ्या पुढं सरकवला.

"लिही लवकर. कोनी उतरायच्या आंधी लिही."