चेहऱ्याआधी रक्त बोललं

मित्रांनो, धाराशिव जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, खिडकीशेजारी ठेवलेलं रक्त तपासायचं जुनं यंत्र, ते मी.

कारखान्यात माझ्या पोटात एक दिवा आणि बारीक नळ्या बसवल्या गेल्या. रक्ताच्या नमुन्यातून उजेड सोडायचा आणि त्यात कशाचं प्रमाण किती ते मोजायचं, एवढंच माझं काम. शरीरात सूज भडकली की सीआरपी नावाचं प्रथिन वाढतं. अवयवांना रक्त पुरेनासं झालं की लॅक्टेट वाढतं. दोन्ही फार वाढली, तर जीव धोक्यात आहे हे डॉक्टर ओळखतात. चिमणीच्या डोळ्याएवढ्या थेंबात हे सगळं मावतं, याचं मला आजही नवल वाटतं.

एका सकाळी अणदूरच्या अंगणवाडीताई महादेवी आल्या. टाचेत बाभळीचा काटा मोडून पाय सुजला होता, अंगात ताप होता. तरी बाकावर बसून त्या शेजारणीशी हसत बोलत होत्या. माझ्यावर काम करणाऱ्या अनिसाताईंनी त्यांचं रक्त तपासायला लावलं. दोन्ही आकडे फार वाढलेले दिसताच अनिसाताईंचा चेहरा उतरला. त्या तडक डॉक्टर भैरवींकडे गेल्या.

महादेवींचे यजमान गुरुलिंग मलम घेऊन घरी निघायच्या घाईत होते.

"बोलतीया की चांगली. कशाला ठेवून घेता, डॉक्टर?"

"त्यांचं रक्त वेगळं सांगतंय, जखमेतला संसर्ग अंगभर पसरलाय," भैरवी म्हणाल्या. "आता घरी नेलंत, तर परत आणायला वेळ मिळणार नाही."

गुरुलिंग थांबले. दुपारी महादेवींचा रक्तदाब कोसळला, जीभ जड झाली. पण तोवर त्या अतिदक्षता विभागात होत्या आणि औषधं सुरू झाली होती.

शेजारच्याच खाटेवर येडशीचे नबीलाल न्यूमोनियाशी झुंजत होते. त्यांचे आकडे महादेवींपेक्षा बरे होते, सगळ्यांना आशा होती. तरी ते गेले. मशीन चुकली का, असं त्यांच्या पत्नी लालबींनी विचारलं, तेव्हा अनिसाताईंनी मावशीचा धरावा तसा त्यांचा हात धरला.

"न्हाय, खाला. मशीन धोका किती ते सांगती. कोण राहणार, ते तिलाबी कळत न्हाय."

महादेवींचं लॅक्टेट मात्र नमुन्यागणिक उतरत गेलं. घरी जाताना त्या गुरुलिंगांचा खांदा धरून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मला पत्ता न्हाय, अन् ह्याला कसं कळलं?"

अनिसाताई हसत माझ्यावरची धूळ पुसू लागल्या.

आता नवं यंत्र आलं आहे. ते बंद पडलं, तरच मला चालू करतात. मित्रांनो, माझ्यासारख्यांना रोज पुसा, पारखून घ्या. धुळीनं आमची नजर मंदावली, तर कुणाला तरी खोटा दिलासा मिळेल. जखम सुजून ताप चढला, तर माणूस बोलतंय म्हणून घरी बसू नका. आणि माझा आकडा वाचाल, तेव्हा खाटेवरच्या माणसाकडेही बघा. मला मोजता येतं ते फक्त रक्त. त्या माणसाला घरी परतायची केवढी ओढ आहे, ते तुम्हालाच बघावं लागेल.