पॅनलवर फोडलेला नारळ

खारवाडीच्या शाळेत मोठं डिजिटल पॅनल जूनमध्ये आलं आणि नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत गोणपाटाखाली राहिलं. कारण त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. हरिहरेश्वरच्या अलीकडच्या या कोळीवाड्यात शाळेचं छप्पर गळत होतं, मुलींच्या संडासाला कडी नव्हती. पण उद्घाटनाशिवाय एखादी वस्तू वापरणं मुख्याध्यापक बाळाजी गुरुजींना असभ्यपणाचं वाटे.

बसवणाऱ्यांनी चाचणी म्हणून आठवडाभर ते चालू ठेवायला सांगितलं होतं, तेवढाच काय तो वापर झाला. त्या आठवड्यात तिसरीतल्या राहीने शेवटच्या बाकावरून अख्खा धडा न अडखळता वाचला. या राहीला सगळी शाळा दोन वर्षं ढ म्हणत आली होती. पॅनलवर अक्षरं वीतभर उंच होती. वर्गशिक्षिका रचनाबाईंनी तोच धडा फळ्यावर लिहिला तेव्हा राही गप्प झाली. पुस्तक दिलं तर तिने ते नाकाला लावलं. मुलगी ढ नव्हती, तिला दिसत नव्हतं. हे दोन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, रचनाबाईंच्याही नाही.

पॅनलने केलेलं एवढंच एक खरं काम. शाळेने लगेच त्याची माती करायला घेतली.

श्रीवर्धनला सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर येत. रचनाबाई राहीला घेऊन जायला निघाल्या, तर गुरुजींनी अडवलं. त्यांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. तालुक्याचे साहेब उद्घाटनाला येतील, तेव्हा राही आधी फळ्यावरचं वाचताना अडखळेल आणि मग पॅनलवरचं घडाघडा वाचेल. तंत्रज्ञानाचा फायदा याहून स्वस्तात दाखवता येणार नव्हता.

"चष्मा लागला तर ती फळ्यावरचंही वाचेल," गुरुजी म्हणाले. "मग साहेबांना दाखवायचं काय?"

रचनाबाई राहीच्या आजीकडे, गोदूबाईकडे गेल्या. ती अंगणात सुकट पसरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. तिचा मुलगा कमलेशशेठच्या बोटीवर खलाशी होता आणि कमलेशशेठ शाळा समितीचा अध्यक्ष. गुरुजींचा बेत त्यालाही पटला होता. "शेठ बोलला थांबा, तर थांबायचं," ती म्हणाली. "घरची चूल त्याच्या बोटीवर पेटते, बाई."

पॅनल गोणपाटाखाली गेलं. राही पुन्हा शेजारणीच्या वहीत बघून उतरवू लागली. साहेबांची तारीख मिळेना. मिळाली ती गुरुवारचीच.

त्या दिवशी पॅनलला हार घातला, काचेवर हळदकुंकू लावलं. स्वराज नावाच्या सातवीतल्या मुलाने वर्गात तंत्रज्ञान वापरण्याचे फायदे आणि तोटे या विषयावर भाषण केलं. भाषणात तोटे नव्हते. साहेबांना वाईट वाटेल म्हणून गुरुजींनी ते गाळायला लावले होते.

नारळ फोडायला गुरुजींनी बाजूला दगड ठेवला होता. कमलेशशेठने त्याकडे पाहिलं आणि तो तुच्छतेने हसला. नवी होडी पाण्यात लोटताना नारळ तिच्याच पुढच्या टोकावर फोडतात. हे त्याच्या बापाने केलं होतं, आज्याने केलं होतं. "दगडावर फोडलेला नारळ दगडाला पावतो, गुरुजी," तो म्हणाला आणि पॅनलच्या लोखंडी चौकटीवर त्याने नारळ हाणला. होडी सागवानाची असते, हा फरक त्याला महत्त्वाचा वाटला नाही. नारळ फुटला. काचही फुटली, कोपऱ्यापासून थेट मधोमध. नारळाचं पाणी चौकटीत उतरलं आणि पडदा काळा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे बसलेल्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

साहेबांना पुढे आणखी दोन शाळा करायच्या होत्या. त्यांनी हातातला खोबऱ्याचा तुकडा चावत, चालू द्या म्हणून सांगितलं. गुरुजींना कार्यक्रमपत्रिका सोडून वागण्याची सवय नव्हती. त्यांनी राहीला उभं केलं आणि फळ्यावरचं वाचायला सांगितलं. ती अडखळली, अगदी ठरल्याप्रमाणे. यानंतर पॅनल लावायचं होतं. पॅनल लागणार नव्हतं. राही फळ्याकडे डोळे बारीक करून उभी राहिली. कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

"ही तर ढ ती ढच हाय," कमलेशशेठ साहेबांना म्हणाला.

गोदूबाई बायकांमधून उठली. आवाज न चढवता तिने शेठला सांगितलं, "पोर ढ न्हाय माझी. तिला दिसत न्हाय, आणि ते तुमा सगळ्यांना म्हाईत होतं." मग ती रचनाबाईंकडे वळली. "बाई, आज गुरुवारच हाय ना?"

तिघी पेढे वाटायच्या आधीच निघाल्या. गुरुजींनी रचनाबाईंना दारात गाठून रजेचा अर्ज मागितला. त्या थांबल्या नाहीत. गोदूबाईच्या मुलाला मात्र बोटीवरून कोणी काढलं नाही. हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि खलाशी मिळत नव्हते. कमलेशशेठ आपला मानापमान अशा वेळी आवरता घेई.

चष्मा आला. राही शेवटच्या बाकावरून फळा वाचू लागली, आणि वाचता येतं म्हटल्यावर भिंतीवरचे सुविचार, खडूच्या डब्यावरचं नाव, दिसेल ते वाचत सुटली. गुरुजींनी हे पाहिलं आणि वर पाठवायला अहवाल लिहिला: डिजिटल पॅनलमुळे अप्रगत विद्यार्थिनी वाचू लागली. अहवालाला फोटो जोडायचा होता. गुरुजी पॅनलसमोर असे उभे राहिले की तडा त्यांच्या पाठीमागे जावा, आणि त्यांनी राहीला शेजारी घेतलं.

"फोटोपुरता चष्मा काढ," ते म्हणाले.

"काढला तर तुमी दिसणार न्हाय, गुरुजी."

गुरुजींना त्यात काही अडचण वाटली नाही.