शकुच्या पिशवीतला शेर

मी शेर बोलतोय. घाबरू नका, डरकाळी फोडणारा नव्हे. तांदूळ मोजायचा, पितळेचा.

कोकणातल्या एका तांबटाने मला घडवलं. शेवंतीच्या सासूने मला जन्मभर मिरवलं. पुढे बाजारात किलो आले आणि माझी पत गेली. शेवंतीच्या ट्रंकेतून मी भांडुपला आलो, तो फळीवर खिळे सांभाळत बसलो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

गिरण्यांचा संप लांबला आणि माझे दिवस फिरले. शेवंती शाळेत पाणी भरायची. प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं चक्कर येऊन पडू लागली, तेव्हा शाळेच्या शिक्षिका वनमालाबाईंनी घरोघर फिरून मूठ मूठ तांदूळ जमवले. शनिवारी शाळा सुटताना पटावरच्या उपाशी मुलांना घरी न्यायला एकेक शेर द्यायचं ठरलं. मोजायला शेवंतीने मला आणलं. पहिलं माप घालताना ती 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे.

रांगेत तिसरीतली शकु असायची. बाप धाकू गिरणी कामगार, संपावर. तिची पिशवी मांजरपाटाची, तिनेच शिवलेली, लाल दोऱ्याचे वाकडे टाके. तांदूळ पडले की आत हात घालून म्हणायची, "शुभाक पेज होतली." शुभा तिची धाकटी बहीण, अजून शाळेत न जाणारी.

दिवाळीनंतर शकु तापाने गेली.

"शेवंती, तिचं नाव पटावरून काढलंय गं," वनमालाबाई म्हणाल्या. "तांदूळ पुरत नाहीत. तिचा शेर बंद कर." शेर बंद झाला की शुभा उपाशी राहणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

त्या शनिवारी मुलं गेली आणि नळाशेजारी तीच पिशवी दिसली. लाल वाकडे टाके, तोंड उघडं. धाकूनेच कोणाकरवी ठेवली असणार, असं शेवंतीने धरलं.

"बाई, आमच्यात कोणाचा भांडा रिकामा परत धाडत नाय," ती म्हणाली. बाईंनी मान फिरवली. शेवंतीने मला भरून पिशवीत ओतलं.

मी इतकी वर्षं तांदूळ ओततोय. पडताना त्यांचा आवाज होतो. त्या पिशवीत झाला नाही. तिला धुराचा वास होता. शेवंतीला वाटलं, चुलीचा. वर्गांना कड्या घालून ती परतली तोवर पिशवी गेली होती. मग दर शनिवारी असंच.

उन्हाळ्यात धाकू ओंजळभर आमसुलं घेऊन शाळेत आला. नुसतं घेत राहायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"बाईनू, तुमच्यामुळे पोरगी जगली," तो म्हणाला.

"भावजीनू, पिशवी कोणाच्या हाती धाडतास?" शेवंतीने विचारलं.

"मी खंय धाडतंय? शनिवारी ती दाराच्या खिळ्याक भरलेली असता. माका वाटला, तुमीच तशी दुसरी शिवलास." त्याने आमसुलं पुढे केली. "तिची पिशवी आमी तिच्या वांगडा, तिच्याच सरणावर ठेवलेली."

भर दुपार होती. मला माझ्या पितळेला घाम फुटल्यासारखं वाटलं.

"आता बंद करतलास?" धाकूने हळूच विचारलं. शुभा अजून पटावर नव्हती.

वनमालाबाईंनी आमसुलं पदरात घेतली. "पिशवी येईल तोवर भरायची," त्या म्हणाल्या.

जूनमध्ये शुभाचं नाव पहिलीत घातलं. शनिवारी ती स्वतःची पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली आणि पहिलं माप तिला मिळालं. "लाभ," शेवंती म्हणाली.

मुलं गेली. नळाशेजारी मांजरपाटाची पिशवी होतीच. शेवंतीने मला भरून वाकवलं आणि तिचा हात तसाच राहिला. पिशवीच्या तोंडाला गाठ होती. आत तांदूळ होते. तिने मला रिकामा करून ते माझ्यात ओतले, तर काठोकाठ एक शेर भरला. धुराचा वास होता.

शकु कोकणातल्या माणसांची लेक. तिनेही भांडं रिकामं परत केलं नाही.

ते तांदूळ पटावर नसलेल्या एका पोराच्या घरी गेले. पिशवी पुन्हा आली नाही.

आता मी शाळेच्या कपाटात असतो. जिथून ते तांदूळ आत आले, तिथे माझा काठ काळा पडलाय. चिंचेने घासला तरी डाग जात नाही. तुम्ही नव्याने मोजायला घ्याल तेव्हा एवढंच करा. पिशवी कोणाची, हे विचारू नका. आधी भरा.