खडूची गोळी

पोरीच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं मधुकररावांना आईनं शिकवलं होतं. पण बायको गेली आणि त्यांना शहरालगतच्या बेशाला, लेकीच्या म्हणजे दिपालीच्या फ्लॅटमध्ये येऊन राहावं लागलं. पाणी कसंबसं गोड मानून घेतलं, जावयाची गोळी मात्र घशाखाली उतरेना.

जावई चंद्रभान जेनेरिक औषधांचं दुकान चालवी. सासऱ्यांची ब्लडप्रेशरची कंपनीवाली गोळी बंद करून त्यानं आपल्या दुकानातली आणली. "औषध तेच आहे, मामाजी. फक्त मोठं नाव नाही."

"ज्याले नाव नाही, त्याले बाप नाही," मधुकरराव दिपालीला म्हणाले, जावयाला नीट ऐकू जाईल अशा बेतानं. "तीस वर्षं कुहीच्या शाळेत शिकवलं म्या. खडू मले वळखता येते."

चंद्रभानही काही गरीब गाय नव्हता. रोज सकाळी समोर उभा राहून तो त्यांना तोंड उघडायला लावी, गोळी गिळली का ते बघी. एवढा अपमान मास्तरांनी कधी पोरांचाही केला नव्हता. ते मुकाट गिळत आणि मग बाथरूममध्ये जाऊन खिशातली आपली जुनी कंपनीवाली 'खरी' गोळी घेत. खडूनं कोणी मरत नाही, असं त्यांचं गणित.

पंधरा दिवसांत चकरा यायला लागल्या. जावयाची गोळी बाधली, असं त्यांनी अख्ख्या फ्लॅटस्कीममध्ये सांगितलं. शेजारपाजारची गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जाऊ लागली तेव्हा त्यांना मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. बुधवारी ते जिन्यात पडले.

दवाखान्यात नाडी चाळीसवर आलेली. "कोणती गोळी घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"याइच्या दुकानातली." बोट जावयाकडे.

उशाशी उभी दिपाली नवऱ्यावर उखडली. "म्या तुमाले म्हटलं होतं ना, त्याइची गोळी बदलू नका म्हून?"

चंद्रभाननं आपल्या गोळीची स्ट्रिप डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा डोसनं नाडी इतकी उतरत नाही. मग बिघाड हृदयातच असेल. पेसमेकर बसवावा लागेल, छातीत."

मधुकररावांना घाम फुटला. मग त्यांनी खिशातून दुसरी स्ट्रिप काढून चादरीवर ठेवली. "हे बी घेतो. रोज."

डॉक्टरांनी दोन्हींवरची बारीक अक्षरं वाचली. औषध एकच होतं, डोसही तोच. "म्हणजे रोज दुप्पट घेऊन राहिले तुम्ही."

"मामाजी," चंद्रभान म्हणाला, "खडूनं नाडी उतरते का?"

दिपाली उशापासून निघाली आणि नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.