किलोच्या भावाने घेतलेली नाव

चौदा घरांचे पैसे एका डब्यात पडले, की त्या डब्यावर अठ्ठावीस डोळे बसतात. मग डबा ज्याच्या घरी आहे त्याच्याकडे साधा पाहुणा आला, तरी शेजारी मनात म्हणतो, आज चहात दूध जरा जास्तच दिसतं. आपल्यापैकी कोणी वर्गणी काढली असेल, गणपती बसवला असेल, सोसायटीत चार दिवस सभासद असेल, त्याला हे वेगळं सांगायला नको. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात सावरटोलीत हेच झालं, फक्त गणपतीच्या जागी एक मासेमारीची नाव होती.

सावरटोली अड्याळहून दोन कोसांवर. गावाला एक जुना तलाव, आणि तलावाच्या पाण्यावर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. पाणी गावाचं, पण मासे मात्र वर्षानुवर्षं ठेकेदार भैय्यालालचे. त्या साली ग्रामपंचायतीने पहिल्यांदाच ठेका गावातल्या चौदा शेतकरी घरांच्या मंडळाला दिला. अट एकच होती. मार्चअखेर ठेक्याची रक्कम भरायची, नाहीतर तलाव पुन्हा भैय्यालालकडे. जाळी टाकायला गावातली ढिवर मंडळी वाट्याने यायला तयार होती. पण नाव होती ठेकेदाराची, आणि ती तो जाताना बैलबंडीवर घालून घेऊन गेला होता. तेव्हा पहिलं काम नावेचं. डब्यात होते अठराशे रुपये.

मंडळातलाच भोजराज पवनीकडे नदीकाठी जाऊन नाव पाहून आला. तो बसमधून उतरला तेव्हा खुशाल पानठेल्यावर उभा होता. खुशाल हा मंडळाचा सर्वांत सावध सभासद. बैल घेताना तो दात पाहायचा, खूर पाहायचा, आणि शेवटी विकणाऱ्याचं तोंड पाहायचा. त्याने भोजराजला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि त्याची नजर पिशवीवर थांबली. पिशवीतून माशाची शेपटी बाहेर लोंबत होती.

"काय गा भोजराज, डोंगा पाहाले गेल्ता का बजार कराले?"

"डोंगाच पाहाले," भोजराज हसला. "जागेश्वरभाऊनं देल्ला. ज्याचा डोंगा हाये त्यानं."

भोजराज घरी गेला. खुशाल मात्र तिथेच उभा राहिला. विकणारा माणूस घेणाऱ्याला फुकट मासा देतो? त्याच्या आजवरच्या व्यवहारात विकणाऱ्याने त्याला फुकट पाणीसुद्धा दोनदा विचारलं नव्हतं. आणि हा मासा शेर-दीड शेराचा तरी असेल. दिसतो तो एवढा, तर न दिसणारं केवढं असेल?

त्या रात्री पोटभर जेवून, हात पुसत, खुशाल देवळाच्या ओट्यावर बैठकीला गेला. भोजराज सांगत होता, "सागाचा डोंगा हाये. जुना हाये, पन तळ चपटा हाये. वीतभर पान्यात तरंगते. माघात आपल्या तलावात पानी किती राह्यते, तुमाले मालूमच हाये. तेराशे म्हनते."

मंडळाचे अध्यक्ष वासुदेवराव म्हणाले, "पाहू." खुशाल काहीच बोलला नाही. तो घरी जाताना बोलला, आणि तेही एकालाच.

पण एकाला सांगितलेली गोष्ट सावरटोलीत कधी एकाकडे राहिली आहे? दुसऱ्या दिवशी विहिरीवर एका माशाचे दोन झाले. संध्याकाळपर्यंत टोपलीभर झाले. तिसऱ्या दिवशी मासे मागे पडले आणि त्यांच्या जागी दोनशे रुपयांचं कमिशन आलं. आठवड्याने कोणीतरी शोध लावला की जागेश्वर हा भोजराजचा साळाच लागतो. भोजराजची सासुरवाडी नाकाडोंगरीची, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पण संशयाला एवढा भूगोल लागत नाही. भोजराज रस्त्याने गेला की बोलणं थांबायचं, आणि तो वळला की पुन्हा सुरू व्हायचं. चौदा घरांत एकच घर असं होतं जिथे ही बातमी पोचली नव्हती. ते भोजराजचं.

पुढच्या बैठकीत खुशालने तोडगा मांडला. "लाकडाचा भाव डोळ्यानं ठरते, आन डोळा फसते. लोखंडाचा भाव काट्यानं ठरते. वरठीले पत्र्याचे डोंगे करून देतेत. तोलून घ्या, किलोनं पैसे द्या. कोनी काही खाल्लं म्हनाले जागाच नाई."

ओट्यावरच्या सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. किती सोपं! खरेदीला खुशाल धरून पाच जण जातील, म्हणजे प्रत्येकावर चौघांची नजर राहील, असंही ठरलं. भोजराजला म्हणाले, तू एकदा जाऊन आलास, आता आराम कर. भोजराजने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक हाये. पन डोंगा आपल्याले तलावात चालवाचा हाये का काट्यावर?"

कोणी हसलं नाही. खुशालने मनात नोंद केली की याला झोंबलं, म्हणजे पाणी मुरतंयच.

वरठीला पाचही जण स्टेशनच्या रस्त्यावर उतरले. गाडी नुकतीच आली होती, उतरलेल्यांच्या सायकलींची रांग संपता संपत नव्हती. त्या रांगेपलीकडे वेल्डिंगचं दुकान. नाव तयार होती, काळी, जाड पत्र्याची, एखाद्या हौदासारखी. दुकानदाराने आकार सांगितला, सांधे दाखवले. पाचांपैकी कोणीही नावेला हात लावला नाही. ते विचारत होते काटा कुठे आहे. नाव ट्रकच्या काट्यावर नेली. एकाने वजन वाचलं, दुसऱ्याने वाचलं, मग उरलेल्या तिघांनीही वाचलं. किलोला सात रुपये या भावाने सोळाशेच्या वर हिशोब गेला, आणि पावतीवर पाचही जणांनी नजर फिरवली.

दुकानदाराने पैसे घेताना सहज विचारलं, "चालवाची कुठं? पानी किती हाये तितं?"

पाच जण एकमेकांकडे पाहू लागले. हा प्रश्न भोजराजचा होता, आणि भोजराजला मुद्दाम घरी ठेवलं होतं.

नाव गावात आली. नारळ फुटला, कुंकू लागलं, दहा माणसांनी रेटून तिला पाण्यात घातलं. ती चार हात सरकली. दोघे ढिवर जाळं घेऊन आत बसले, आणि नाव चिखलात अशी टेकली की जणू घरीच आली. मांडीएवढ्या पाण्यात तिला पाणीच पुरेना. ढकलत ढकलत ती मधल्या खोलगट भागापर्यंत नेली, तर तेवढ्यापुरती चालली. परतताना पुन्हा कमळाच्या देठांत रुतली. मासे सगळ्या तलावात, आणि नाव एका डबक्यात. दोन आठवडे असेच गेले. मार्च पुढे दिसू लागला.

एके दिवशी भैय्यालाल मोटारसायकल घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आला. बराच वेळ पाहत बसला. जाताना खुशालला म्हणाला, "टंकी बढिया है, पटेल. पानी में रहने दो, नहीं तो धान भर लो. अप्रैल में मैं अपनी नाव लाताच हूँ."

खुशाल घरी आला तो धुमसत. ललिताबाई, त्याची बायको, तांदूळ निवडत होती.

"नजर लागली," खुशाल म्हणाला. "भोजराजनं त्या दिवशी टोमना मारला, तवाच लागली."

"नजर पत्र्याले लागते का जी?"

"तुले काय समजते? त्याचं कमिशन बुडालं ना. त्या जागेश्वरनं त्याले मासा देल्ला होता. एवढा. मी माह्या डोळ्यानं पाह्यला."

ललिताबाईचा हात सुपावर थांबला. "कोन्ता मासा? विहिरीवर तं टोपलीभर आयकले होते. तो पवनीहून आनला तो?"

"तोच."

"तो तं तुमी खाल्ला."

"मी?"

"मंग? भोजराजच्या रुखमिणीनं त्याच दिवशी गंजभर कालवन पाठोलं होतं. आमच्या ह्याइनं नदीचा मासा आनला, घ्या म्हने. तुमी दोनदा मांगून खाल्लं. आन हात पुसत पुसत देवळात गेले."

लाचेचा जो पुरावा खुशालने गावभर फिरवला होता, त्याचा अर्धा त्याच्याच पोटात गेला होता. त्या रात्रीची चव त्याला नेमकी आता आठवली.

"मले कोनी सांगतलं नाई," तो पुटपुटला.

"तुमी इचारलं नाई." ललिताबाईने सूप बाजूला ठेवलं. "हिशोब मांगाले मी नाई म्हनत नाई. मांगाचाच. गावाचा पैसा हाये. पन मांगाचा त्याले, ज्याच्यापाशी हिशोब हाये. तुमी बारा घरात जाऊन मांगला, ज्याइच्यापाशी नव्हताच. त्याइच्यापाशी काय होतं? त्याइनं जे होतं ते देल्लं. कोनी दोन मासे देल्ले, कोनी साळा देल्ला."

"मंग डोंगा तोलून घेतला, ते बी चुकलं का? त्याच्यात कोनाले काही खाता आलं नाई."

"खाता आलं नाई, खरं हाये. चालवता बी आलं नाई. तुमी पाच जनाइनं डोंगा घेतलाच नाई जी. आपल्यावर कोनी बोट दाखवू नये, ते घेतलं. आन ते पान्यात चालत नाई."

एवढं बोलून ती पुन्हा तांदळाकडे वळली. खुशाल बाहेर ओसरीत जाऊन बसला. एखाद्याने त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याने परत दिल्या असत्या. पण याला काय परत देणार?

दुसऱ्या दिवशी त्याने वासुदेवरावांना सांगून बैठक बोलावली. भोजराजही आला, कोपऱ्यात बसला. खुशाल उभा राहिला.

"भोजराज, मी तुह्या मागं म्हटलं होतं का तू डोंग्यात कमिशन खाल्लं. साऱ्या बंद्याइले सांगतलं, तुले सोडून. आता तुले इचारतो, बंद्याइच्या समोर. खाल्लं का?"

भोजराज लाल झाला. तो उठून जातो की काय असं वाटलं.

"नाई," तो म्हणाला. आणि पुढे, "एवढंच होतं? ह्या एका शब्दासाठी तुमाले अख्खा माघ लागला?"

"आन मासा?" खुशालने विचारलं. विचारायचं ठरवलंच होतं, तर पूर्ण विचारायचं.

"सकाळपासून त्याच्यासंग डोंगा वढला. तळ पाहाले उलटा केला. मंग त्याच्याच डोंग्यात बसून जाळं टाकलं, चालते का नाई ते पाहाले. जे सापडलं त्याच्यातला एक त्यानं माह्या पिशवीत टाकला. तुमी इचारलं असतं, तं डोंगा कसा चालते ते बी सांगतलं असतं."

पत्र्याची नाव दुकानदार परत घ्यायला तयार होता, पण भंगाराच्या भावाने, किलोनेच. जी तूट येईल तिचं काय? वासुदेवराव म्हणाले, "ज्यानं ज्यानं भोजराजच्या मागं बोललं, त्यानं त्यानं धान आनून टाकाचं. ते विकून तूट भरू. कोनाचं नाव मी इचारत नाई." आणि सर्वांत आधी त्यांच्याच घरून धान आलं. संध्याकाळपर्यंत ओट्यावर तेरा घरांचं धान पडलं. खुशालचं पोतं सगळ्यांत मोठं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या पाठीवर आणलं.

"आता पुन्हा तूच जा," वासुदेवराव म्हणाले.

"मी कायले जाऊ?" भोजराज म्हणाला. त्याचा राग काही धानाने भरणारा नव्हता. पण पाळीवरून मार्च दिसत होता, आणि भैय्यालालही. अखेर तो म्हणाला, "जाईन. पन एकटा. माह्यामागं पाच डोके नाई पाह्यजे. आन आल्यावर जे इचाराचं ते माह्या तोंडावर इचाराचं. मंगच घरी जाचं."

जागेश्वरची नाव तोवर विकली गेली होती. संशय थांबून पाहू शकतो, विकणारा थांबत नाही. भोजराजला दोन गावं आणखी हिंडावं लागलं. चौथ्या दिवशी तो बंडीवर एक नाव घालून आला. पत्र्याच्या नावेपेक्षा लहान, एका बाजूला फळीचा तुकडा मारलेला.

सगळं मंडळ पाळीवर जमलं. नावेला हात लावून पाहिले, चांगली आहे म्हणाले, आणि गप्प झाले. किंमत विचारायची कोणाचीच हिंमत होईना. खुशालने ती शांतता ओळखली. मागच्या वेळीही सगळे असेच गप्प होते, आणि त्या गप्प बसण्यातूनच टोपलीभर मासे निघाले होते.

"कितीले पडला गा?" त्याने मोठ्याने विचारलं. "मधात दलाल होता का? आन हा तुकडा कायचा?"

दोघा-तिघांनी त्याच्याकडे दचकून पाहिलं. भोजराजने हातातला दोर खाली ठेवला.

"अकराशे. दलाल नव्हता. तुकडा जुना हाये, पानी येत नाई, भरून पाह्यलं. पन खरं सांगतो, पन्नास रुपये जास्त गेले. तो अडून बसला, मले भाव तोडता आला नाई."

"पन्नास?" मागून कोणीतरी म्हणालं. पण या वेळी ते मोठ्याने म्हणालं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हो, पन्नास. पुढच्या टायमाले तू चाल," भोजराज म्हणाला. "मी घरी आराम करतो."

आता मात्र सगळे हसले, आणि भोजराजही. नाव पाण्यात सोडली. ढिवर मंडळी बसली आणि ती मांडीएवढ्या पाण्यातून, देठांवरून घासत, निघून गेली.

मार्चअखेर ठेक्याची रक्कम भरली गेली, अगदी काठावर. त्या साली वाट्याला फारसं काही उरलं नाही, कारण बरंचसं एका हौदात गेलं होतं. पण तलाव गावाकडे राहिला.

बंधुभगिनींनो, सार्वजनिक पैशाचा हिशोब मागणं हा आपला हक्क आहे, आणि तो मागणाऱ्याला वाईट म्हणू नये. पण हिशोब मागायचा तो समोर, ज्याने खर्च केला त्याला, आणि चार लोकांच्या देखत. खरा माणूस त्यातून खरा ठरतो, खोटा सापडतो, आणि दोन्हींत गावाचा फायदाच असतो. पाठीमागे केलेल्या कुजबुजीने चोर कधी सापडत नाही. तिने एवढंच होतं, की काम जाणणारा माणूस घरी बसतो आणि बाकीचे काट्यावर उभे राहून वजन वाचत राहतात.