वाचायचा पैरा

आमच्या प्रतिक्षाला वाचता येत न्हाय हे मला बुधवारी सांजच्याला कळलं, आन् शुक्रवारी तिनं बारामतीत मोठ्या हॉलमधी शाळाखात्याच्या सायबांपुढं वाचून दाखवायचं व्हतं. आता तुमीच सांगा, आईच्या घशाखाली घास उतरंल का?

कळलं ते असं. मी भाकरी थापत व्हते, हात पिठानं भरलेले, आन् मोबाईल वाजला. आमचे मालक, शंभूराज, बारामती एमआयडीसीत कामाला. सुट्टी झाली की काय आणू म्हणून मेसेज टाकत्यात. पोरीला म्हणलं, वाच गं काय लिवलंय. चौथीतली पोर, टॅबवर वाचनात हिरवी. हिरवी म्हंजे पक्की, लाल म्हंजे कच्ची. शाळेतल्या शबीना मॅडमनी समद्या आयांना बोलवून टॅबवरचे रंग दाखवले व्हते, बारामतीला वाचायला हिचंच नाव धाडलेलं, आन् मी वस्तीवर साखर वाटायचीच काय ती ऱ्हायली व्हती. तर ही बया मोबाईलकडं नुसती टकामका बघत बसली. मग म्हणली, "नेटवर्क न्हाय."

आलेला मेसेज वाचायला कसलं आलंय डोंबलाचं नेटवर्क! हात धुतले, मोबाईल घेतला. भाजी आणू का, एवढंच लिवलेलं. मी पोरीम्होरं धरला, एकेका अक्षरावर बोट ठेवलं. ती माझ्याच तोंडाकडं बघाय लागली.

मी तापट हाय, सगळी वस्ती म्हणते. धपाटा घालायला हात उचललासुदिक. पण पोर भ्यालीच न्हाय. तिनं सरळ सांगितलं. शाळेत एका टॅबला पाच-सहा पोरं. वाचायचं आलं की फरहीन समद्यांच्या नावानं वाचते, गणित आलं की समद्यांची उत्तरं ही दाबते. तवर मॅडम पलीकडं लाल पोरं घेऊन बसलेल्या असत्यात. टॅबला काय, बोट कुणाचं का असंना.

"ही लबाडी झाली की गं," मी म्हणलं.

"लबाडी कशाची? पैरा हाय आमचा. तू न्हाय का सितारामावशीच्या रानात जात?"

सितारा म्हंजे फरहीनची आई, आमची शेजारीण. आज आमी दोघींनी मिळून तिचा कांदा लावायचा, उद्या तिनं माझ्या रानात यायचं. पैसा न्हाय का मजुरी न्हाय, फकस्त पैरा फेडायचा. जो फेडत न्हाय त्याला वस्तीत कोण इचारत न्हाय, हे मीच पोरीच्या कानीकपाळी वरडलेलं. आता कांदा कुणीबी लावला तरी रानात उगवतोच. वाचायचं तसं नसतं, हे तिला कसं पटवायचं? मी लय बोलले, पण ती आपली म्हणत ऱ्हायली, मी फरहीनची गणितं कधी चुकवली न्हाईत.

मालकांना काय सांगितलं न्हाय. त्यांनी कंपनीत येईल त्याला पोरीचं कौतुक सांगून ठेवलेलं, शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली. मी आपली आत-बाहेर करत ऱ्हायले. दूध उतू गेलं, ते बी कळलं न्हाय.

सकाळी उजाडल्या उजाडल्या पोरीला घेऊन शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी ऱ्हायले. शबीना मॅडम बारामतीवरनं स्कूटीवर येत्यात. हेल्मेट काढायच्या आदीच मी समदं ओकून टाकलं. त्या पोरीला आत घेऊन गेल्या, पुस्तक पुढं ठेवलं, आन् बाहेर आल्या त्या तोंड उतरूनच. भांडायचं ठरवून गेले व्हते, पर त्यांच्याकडं बघून राग निवला. एकटी बाई चार वर्ग सांभाळते, वाईट न्हाय. त्या म्हणल्या, राजेश्वरीताई, नावं वर गेलीत, आता पोर बदलता येत नाही. टॅबवर गोष्ट ऐकता येते, तिला पाठ करू द्या. उद्याचा दिवस पार पडू द्या, सोमवारपासून मी तिच्याकडं बघते. मी व्हय म्हणलं. पोरीचं चारचौघांत हसं व्हावं असं कुठल्या आईला वाटतं?

सांजपतूर गोष्ट पाठ. बाजारात हरवलेल्या शेळीची व्हती. कुठं थांबायचं, कुठं बोटानं पान सरकवायचं, समदं पोरीनं ध्यानात ठेवलं. तिचं डोकं एवढं तल्लख, म्हणून तर माझा जीव आणखीनच तुटत व्हता.

शुक्रवारी हॉलमधी गार वारं सोडलेलं, तरी मला घाम. प्रतिक्षा टॅब घेऊन माईकपुढं उभी ऱ्हायली आन् अशी गोष्ट म्हणली, अशी म्हणली, की माझंच मला वाटलं ही खरंच वाचतीय. टाळ्या पडल्या. मालक उभं ऱ्हाऊन मोबाईलमधी शूटिंग घेत व्हते, छाती एवढी फुगलेली. मी मनातल्या मनात म्हणलं, सुटलो एकदाचं.

पुण्यावरनं आलेले सायेब माणूस चांगला. उठून पोरीजवळ आले, पाठ थोपटली, पान सरकवलं आन् म्हणले, "शाब्बास! आता ही पुढची गोष्ट वाच बघू."

पोरगी पानाकडं बघत उभी. मला वाटलं, उठावं, तिला काखोटीला मारावं आन् सरळ स्टँड गाठावा. समदा हॉल तिच्याकडं बघत व्हता.

"सर, वाचायचं फरहीनकडं असतंय," ती माईकमधी म्हणली. "ती घरी हाय. गणित असलं तर द्या, मी करते."

लोकं हसली. पोर गोड बोलली असं वाटलं त्यांना. सायेबबी हसले, मग खाली वाकून त्यांनी इचारलं, "तुला वाचता येत नाही का, बाळ?"

"न्हाय," ती म्हणली. कुणी नाव इचारावं आन् सांगावं, तशी.

हसू थांबलं. मालकांनी मोबाईल खाली घेतला आन् माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. शबीना मॅडम खुर्चीतनं उठल्या, पुढं गेल्या, माईक हातात घेतला.

"तिला वाचता येत नाही, सर. चूक माझी आहे."

पुढं सायेब काय बोलले ते मला ऐकू आलं न्हाय. मी पोरीचा हात धरून बाहेर आले. मालक मागनं आले. गाडीपाशी गेलो. मला लाज वाटत व्हती, राग येत व्हता, आन् कुणाचा तेच उमगत न्हवतं. पोर आता रडंल, तिला काय सांगायचं, याची जुळवाजुळव मी करत व्हते.

"आई, आता मी लाल झाले का गं?"

"व्हय."

"मग सोमवारपासनं मॅडम मला जवळ घेऊन बसतील? लाल पोरांनाच मॅडम घेत्यात. आमाला टॅब देत्यात."

तोंड असं खुललं व्हतं तिचं, की मालक किक मारता मारता थांबले. आमाला दोघांना एकमेकांकडं बघवंना.

"बसतील," मी म्हणलं.

"मग मॅडमना सांग ना, फरहीनलाबी गणितात लाल करा म्हणावं."